अनाक्रमक श्वसनसाहाय्य

फुप्फुसांचे काम अचानक ढासळले की रक्तातला ऑक्सिजन घसरतो. कधी त्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडही साचतो. अशा वेळी श्वासनलिकेत नळी न घालता नाकावाटे किंवा मास्कमधून दिलेला आधार म्हणजे अनाक्रमक श्वसनसाहाय्य. कोणते साधन चांगले, हा प्रश्न या दोनांपैकी बिघाड कोणता हे कळल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

साध्या मास्कची मर्यादा लवकर उघडी पडते. धाप लागलेला माणूस मिनिटाला ३० लिटरहून अधिक वेगाने हवा ओढतो, मास्कमधून मिळतात फार तर १५ लिटर. उरलेली भर खोलीतल्या हवेची. हाय-फ्लो यंत्र ऑक्सिजन मिसळलेली गरम, दमट हवा नाकावाटे ६० लिटरपर्यंत पुरवते, त्यामुळे ही तूट भरते. रुग्णाला बोलताही येते. ही सोय किरकोळ नव्हे, कारण घट्ट मास्क सहन न झाल्यानेही उपचार फसतो.

सीपॅप, म्हणजे मास्कमधून दिलेला दाबाचा आधार, एकसारखा दाब ठेवून मिटू पाहणारे वायुकोश उघडे ठेवतो. हृदयाच्या बिघाडाने फुप्फुसात पाणी भरल्यास तो विशेष उपयोगी. बायपॅप हा तसाच आधार श्वास घेताना दाब वाढवतो, म्हणजे थकलेल्या स्नायूंचे ओझे उचलतो. सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) बळावून कार्बन डायऑक्साइड साचला असेल तर त्याला तोड नाही. १९९५ च्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांवर ७४ टक्के रुग्णांना नळी घालावी लागली, बायपॅपसारख्या आधारावर २६ टक्क्यांना.

फक्त ऑक्सिजन कमी असेल तेव्हा चित्र एवढे स्वच्छ नाही. साधा ऑक्सिजन, हाय-फ्लो आणि बायपॅपसारखा आधार यांची तुलना करणाऱ्या २०१५ च्या 'फ्लोराली' चाचणीत ३१० रुग्ण होते. नळी घालण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, पण ९० दिवसांपर्यंतचे मृत्यू हाय-फ्लो गटात कमी होते. कोविडमधल्या 'रिकव्हरी-आरएस' चाचणीत मात्र साध्या ऑक्सिजनपेक्षा सीपॅप सरस ठरला, हाय-फ्लो नाही.

खरा धोका नळी घालायला उशीर होण्याचा. हाय-फ्लोवर नजर ठेवायला रॉक्स निर्देशांक वापरतात: ऑक्सिमीटरवरच्या आकड्याला दिलेल्या ऑक्सिजनच्या अंशाने भागायचे, मग श्वासांच्या गतीने. ९२ टक्के, ०.६ (म्हणजे दिलेल्या हवेत ६० टक्के ऑक्सिजन) आणि मिनिटाला ३० श्वास असतील तर उत्तर सुमारे ५.१, म्हणजे ४.८८ या दिलासा देणाऱ्या मर्यादेच्या वर. तेच श्वास ३६ झाले की ४.३, ऑक्सिमीटर अजून ९२ च दाखवत असतो.