लाल कॅलिपर खरंच किती तापतो?

अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून लालभडक कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क चिमटीत धरणारा भाग, डोकावला की साधी हॅचबॅकसुद्धा जरा ऐटीत उभी असल्यासारखी वाटते. म्हणून हौशी मंडळी सुटीच्या दिवशी घरीच गाडी जॅकवर चढवतात, चाकं उतरवतात आणि ब्रश हातात घेतात. रंगाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, की हा रंग ६०० अंशांपर्यंत टिकतो. असेलही. पण कॅलिपरला ६०० अंश सोसायचेच नसतात, आणि जे सोसायचं असतं त्याबद्दल डब्यावर बहुधा काहीच नसतं.

आधी उष्णतेचा हिशोब करू. १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असेल तर तिच्यात सुमारे ४ लाख ६० हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबून गाडी थांबवली की जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत दीडेक लिटर पाणी उकळीला येईल, आणि हे सगळं चार-पाच सेकंदांत. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांना उचलावा लागतो. घाटात तर विचारूच नका. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी ५०० मीटरच्या आसपास खाली येते. त्या उताराची ऊर्जा ५९ लाख ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे शंभरच्या वेगावरून बारा-तेरा वेळा करकचून थांबण्याइतकी. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भाग इंजिन खातं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे शहाणे मात्र हवेने अडवलं तेवढं सोडून बाकी सगळं ब्रेकच्या माथी मारतात.

ही उष्णता जन्मते चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला दाबणारे पॅड घासतात तिथे. ब्रेकला दमवलं तर डिस्क ४००-५०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. कॅलिपर मात्र डिस्कला टेकलेला नसतो. मध्ये पॅडचा घासणारा थर, त्याची पोलादी पाठ आणि पॅडला ढकलणारा पिस्टन असतो. शिवाय कॅलिपरच्या पोटात पेडलचा दाब पोचवणारं ब्रेक ऑइल भरलेलं असतं, आणि खरी मर्यादा तेच घालतं. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की हाच आकडा १५५ अंशांपर्यंत उतरतो. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. तेव्हा कॅलिपर ६०० अंशांना पोहोचलाच, तर तुम्हाला रंगाची काळजी करायला सवड नसेल. दोन-अडीचशे अंश सोसणारा रंग रस्त्यावरच्या गाडीला पुरतो.

रंगाचा खरा शत्रू तेच ब्रेक ऑइल आहे. डॉट-३, डॉट-४ आणि डॉट-५.१ ही तिन्ही ग्लायकॉल ईथरवर आधारलेली असतात, आणि ही रसायनं रंगाला जवळजवळ रिमूव्हरसारखीच लागू पडतात. ब्रेकमधली हवा काढताना निपलपाशी, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूपाशी, चार थेंब ओघळले की साधा इनॅमल सुरकुततो आणि बोटाने निघतो.

इथेच ६०० अंशांचा रंग फसतो. अशा रंगात सिलिकॉन रेझिन असतं. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बळकट, म्हणून तो उष्णतेला दाद देत नाही. पण असे बरेचसे रंग पूर्ण पक्के व्हायला स्वतःच २०० अंशांच्या आसपास भाजावे लागतात. सायलेन्सरवर हे आपोआप होतं. रोजच्या रहदारीत कॅलिपर तेवढा तापतच नाही, त्यामुळे रंग वरून वाळतो, आतून कच्चा राहतो आणि ऑइलच्या पहिल्याच थेंबाला शरण जातो. त्यापेक्षा कॅलिपरसाठीच बनवलेला, दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी रंग बरा. त्यात रेझिन आणि हार्डनर यांची साखळी साध्या तापमानालाच गुंफली जाते, आणि ती एकदा जुळली की ग्लायकॉलला सहजी तुटत नाही. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगापासून मात्र घरी लांब राहा. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात आणि धुळीचा कापडी मास्क त्यांना अडवत नाही.

रंगछटेचीही एक गंमत आहे. पिवळ्या रंगात आयर्न ऑक्साइडची पिवळी पूड असेल तर तिच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं. दोनशे अंशांच्या आसपास ते सुटू लागतं आणि पिवळा तांबडा होत जातो. पिवडी भाजली की तिचा गेरू होतो तो यामुळेच. पोर्शेचे पिवळे कॅलिपर प्रसिद्ध आहेत, आत सिरॅमिक डिस्क असल्याची ती खूण आहे. मारुतीवर पिवळा रंग लावल्याने डिस्क बदलत नाही, हे वेगळं सांगायला नको.

रंगाने ब्रेक थंड राहतो का? नाही. अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकण्यात लाल, काळा, पिवळा असे बहुतेक रंग सारखेच. आणि गंजलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंडसुद्धा, त्यांच्यापासून फार दूर नसतं. उलट रंगाच्या थराने उष्णता अडते म्हणावं, तर शंभर मायक्रॉनच्या थराचा अडसर कॅलिपरभोवतीच्या हवेच्या अडसरापुढे नगण्य आहे. रंग दोनच कामं करतो, दिसतो आणि गंज थोपवतो. मुंबईत किंवा कोकणच्या किनाऱ्यावर दुसरं काम छोटं नाही. म्हणूनच कारखान्यातून आलेला जस्ताचा लेप शाबूत असेल तर तारेच्या ब्रशने तो चकचकीत होईपर्यंत खरवडू नका. ओरखडा पडला तर जस्त आधी झिजून खालच्या लोखंडाला वाचवतं. रंगाला ते जमत नाही. सुटा गंज काढा, ब्रेक क्लीनरने तेलकटपणा घालवा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, बस. पॅडची धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

सर्वात जपायचं ते रंग कुठे लागू नये हे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित पिळते आणि पेडल सोडताच मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाने मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतो तो या एवढ्याशा रबरामुळे, वेगळी स्प्रिंग नसते. पिस्टनवर किंवा त्याच्या धूळरोधक रबरावर रंग गेला की ही हालचाल अडखळते, पॅड घासत राहतो आणि एका बाजूचं चाक विनाकारण तापतं. बहुतेक छोट्या गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्या पिना, त्यांचं रबर आणि ब्रॅकेटवरच्या पॅड बसायच्या खाचा कोऱ्याच हव्यात. निपलवर टोपी घाला, डिस्कला कागद गुंडाळा. कॅलिपर खोलला असेल तर तो नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. आणि तो सुटा असताना पेडलला पाय लावू नका, पिस्टन बाहेर येईल.

हे काम पावसाळ्यात करू नये. ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतलं बाष्प पाणी होऊन धरू लागतं ते तापमान, २८ अंशांच्या वर असतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो. दोन अंश उतरला की त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ होतो. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश उबदार हवा, असा रंगकामाचा संकेत आहे. थर पातळ द्या, जाड थरात अडकलेला थिनर पुढे तापल्यावर फोड आणतो.

चाकं बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. काम करताना पिस्टन मागे सरकवलेला असेल तर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.