बीएम-८००ची कॅप्सूल बदलताय? आधी इलेक्ट्रेट आणि खरा कंडेन्सर यांतला फरक बघा

बीएम-८०० हा स्वस्त माइक ज्यांनी वापरलाय त्यांना त्याचा आवाज सांगायला नको. खाली पोकळ, आणि ‘स’ आला की कानात टोचतो. कॅप्सूल, म्हणजे माइकमधला आवाज पकडणारा भाग, बदलणं हा त्यावरचा चांगला उपाय आहे. पण ‘फँटमवर (मिक्सरकडून केबलमधूनच माइकला मिळणाऱ्या ४८ व्होल्टवर) चालतो म्हणजे कंडेन्सर, मग ३४ मिलिमीटरची कुठलीही कॅप्सूल लाव’ हा सल्ला वाचून वाचून आता वीट आलाय.

दोन्ही प्रकार कंडेन्सरच. पातळ पडदा, त्यामागे धातूची चकती, हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्रश्न एवढाच, की पडदा आणि चकती यांच्यामध्ये जो विद्युतदाब लागतो, तो येतो कुठून?

इलेक्ट्रेटमध्ये तो कारखान्यातच भरलेला असतो. प्लास्टिकच्या थरात विद्युतभार कायमचा अडकवून ठेवतात. बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी १९६२ साली अशी फॉइल वापरून माइक बनवला. इथे फँटमचे ४८ व्होल्ट फक्त एफईटी (कॅप्सूलचा अशक्त सिग्नल पुढे नेणारा ट्रान्झिस्टर) आणि पुढच्या सर्किटला लागतात. खऱ्या कंडेन्सरमध्ये मात्र असा भार नसतो. माइक चालू असेपर्यंत कॅप्सूलला बाहेरून साधारण ४० ते ६० व्होल्ट द्यावे लागतात.

‘अहो, ४८ व्होल्ट तर येतातच की!’ येतात, पण ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून, एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या केबलजोडाच्या, पिनांवर. बराचसा दाब सर्किटमध्येच पडतो, आणि कॅप्सूलपर्यंत जायला बोर्डावर वेगळी वाट लागते. नॉयमन कंपनीलासुद्धा आपल्या यू८७ या स्टुडिओ माइकच्या १९८६च्या एआय आवृत्तीत कॅप्सूलचा दाब तयार करणारा खास डीसी कन्व्हर्टर घालावा लागला. मी उघडलेल्या बीएम-८००मध्ये मोठ्या जाळीच्या आत, प्लास्टिकच्या आधारावर, शर्टाच्या बटणाएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल होती. दोन वायरी बोर्डाला डागलेल्या, बस. तिथे ३४ मिलिमीटरची खरी कंडेन्सर कॅप्सूल लावली, तर पुसट आवाज आणि भरपूर गुणगुण एवढंच हाती लागतं. मित्राने हौसेने लावली होती, परत काढावी लागली.

शिवाय ३४ मिलिमीटरच्या स्वस्त कॅप्सूल बहुतेक नॉयमनच्या के६७ कॅप्सूलच्या नकला असतात. त्यांची वरची पट्टी (‘स’सारख्या तीक्ष्ण आवाजांची) मुळातच चढी असते आणि ती सर्किटने खाली आणायची असते. ते न करता लावली तर ‘स’ आणखी टोचतो.

आकार, आतला फोम, केबल, हे फरक किरकोळ. ‘इलेक्ट्रेट म्हणजे हलका माल’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. शूअर कंपनीचा एसएम८१ माइक इलेक्ट्रेटच आहे, आणि तो स्टुडिओत मानाने वापरला जातो. बीएम-८००साठी माझी पसंती २५ मिलिमीटरच्या इलेक्ट्रेट कॅप्सूललाच. फक्त घेताना तिच्या आत एफईटी आहे का, ते विचारा. नसेल तर बाहेर एफईटी आणि १ गिगाओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. त्यांचा एफईटीच्या गेटकडचा (सिग्नल आत घेणाऱ्या पायाकडचा) जोड बोर्डाला न टेकवता हवेत डागा आणि आजूबाजूची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. बोटाचा ठसा राहिला, तर कोकणातल्या पावसाळी हवेत तिथूनच गळती होते आणि माइक चरचरायला लागतो.