डार्क ॲडमिरल्टी ग्रे : युद्धनौकेच्या मॉडेलवरच्या करड्या रंगाची पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'डीए ग्रे द्या' म्हटलं, की दुकानदार एवढंच विचारतो, अर्धा लिटर की एक? लेथ, ड्रिल मशीन, मोटारीच्या स्टार्टरची पेटी अशा सगळ्या लोखंडावर हा रंग बसलेला दिसतो. खानदेशात तो इतका रोजचा आहे की त्याच्या नावात एक जहाज दडलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. डीए म्हणजे डार्क ॲडमिरल्टी, आणि ॲडमिरल्टी म्हणजे १९६४पर्यंत ब्रिटिश नौदलाचा कारभार बघणारं खातं.

आमच्याकडे युद्धनौकांची मॉडेलं करणाऱ्या अनेकांनी, माझ्यासकट, पहिली बोट याच डब्यातून रंगवली. डब्यावर नौदलाचं नाव आहे म्हटल्यावर शंका कशाला येईल? पण डब्यातला तो रंग युद्धनौकेचा नाही. का नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. मॉडेलच्या रंगावरून आजही जे वाद झडतात त्यांचं मूळही तिथेच आहे.

समुद्राशी खानदेशाचं नातं अगदीच नाही असं नाही. भुसावळच्या पुलाखालून जाणारं तापीचं पाणी सुरतेजवळ समुद्राला मिळतं. मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधणारं पारशी घराणं त्याच सुरतेहून १७३६ साली मुंबईला आलं. पुढे १८४०च्या दशकात इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलं पट्ट्याने घेतली ती सागासाठी, आणि त्या डांगचा कारभार तेव्हा खानदेशातून बघितला जाई. साग पाण्यात किती टिकतो त्याचा पुरावा अजून तरंगतो आहे. मुंबईत १८१७ साली पाण्यात उतरवलेली, मलबारी सागाची 'ट्रिंकोमली' ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही बघता येते. तिचं अंग काळं, आणि तोफांच्या रांगेवर फिकट पट्टा. त्या काळात जहाज रंगवत ते लांबून ओळखू यावं म्हणून. लपण्याचा विचारच नव्हता.

करडा रंग आला तो तोफांचा पल्ला वाढल्यावर. ब्रिटिश नौदलाने काळं अंग, पांढरा वरचा भाग आणि पिवळसर धुराडी सोडून १९०३ साली करडा रंग घेतला. अमेरिकेचा पांढराशुभ्र ताफा १९०७ ते १९०९ या काळात जगाला फेरी मारून आला आणि घरी पोचताच तोही करडा झाला.

यानंतरची गोष्ट मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. १९१७ साली जर्मन पाणबुड्या ब्रिटिश मालवाहू जहाजं एकामागून एक बुडवत होत्या. नौदलात काम करणाऱ्या एका चित्रकाराने मांडलं, की जहाज लपवता येत नसेल तर निदान त्याची दिशा शत्रूला कळू देऊ नये. अंगावर तिरपे काळे-पांढरे-निळे पट्टे असे ओढायचे, की जहाजाचं पुढचं टोक कुठे आणि मागचं कुठे याचा पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला गोंधळ व्हावा. पट्टे कसे काढायचे हे ठरलं लंडनच्या एका कलासंस्थेच्या इमारतीत, छोट्या लाकडी मॉडेलांवर. ती मॉडेलं रंगवणाऱ्यांत बऱ्याच तरुण चित्रकार स्त्रिया होत्या. रंगवलेलं मॉडेल फिरत्या टेबलावर ठेवायचं, मागे आकाशाचा पडदा लावायचा, पेरिस्कोपमधून बघायचं, पट्टा चुकला असेल तर पुसून परत रंगवायचं. पसंत पडलं की त्याचा आराखडा बंदरात जायचा आणि तिथले रंगारी तो शेकडो फुटी जहाजावर उतरवायचे. अशी दोन हजारांहून जास्त जहाजं रंगली. म्हणजे त्या वर्षी मॉडेल आधी रंगलं आणि जहाज त्याच्याबरहुकूम रंगलं. मॉडेलकामाला पोरखेळ म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात करड्याचे प्रकार वाढले, आणि तिथूनच आजचा गुंता सुरू होतो. ब्रिटिशांकडे ५०७ ए, ५०७ बी आणि ५०७ सी असे तीन करडे होते. कितीतरी वर्षं मॉडेलकारांची समजूत होती की ए गडद, बी मध्यम आणि सी फिकट. त्याप्रमाणे रंगाच्या बाटल्या विकल्या गेल्या, पुस्तकांत रंगपट्ट्या छापल्या गेल्या. गेल्या काही वर्षांत नौदलाचे जुने कागद तपासणाऱ्यांनी वेगळंच म्हणणं मांडलं. ए आणि बी ही छटा एकच, फरक होता तो चकाकी देणारं इनॅमल मिसळण्याचा. हे मान्य केलं तर 'मध्यम करड्या'त रंगवलेली जगभरातली कितीतरी मॉडेलं चुकलेली ठरतात. अनेकांना ते सहन झालं नाही, हे समजण्यासारखं आहे. मला मात्र कागदवाल्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण नौदलाला रंग हवा असतो तो टिकाऊ आणि झटपट मिळणारा, आणि इनॅमलच्या फरकासाठी वेगळं अक्षर देणं ही सरकारी भांडाराची रीतच आहे.

त्याच युद्धात भारताच्या शेवटच्या व्हाइसरॉयने, तेव्हा तो नौदलात अधिकारी होता, १९४० साली एका प्रवासी जहाजाचा फिका जांभळट रंग बघून आपल्या विनाशिकांना गुलाबीसर रंग दिला. पहाटे आणि संध्याकाळी तो विरघळून जाई, भर दुपारी उठून दिसे. जपानचा घोळ याहून मोठा. तिथे प्रत्येक नौदल कारखाना आपला करडा आपणच घोटायचा. कुरे इथे बांधलेल्या 'यामातो' या युद्धनौकेचा करडा वेगळा, आणि तिच्याच बरोबरीच्या 'मुसाशी'ला लावला जातो तो सासेबोचा करडा वेगळा. हे दोन्ही करडे आज वेगवेगळ्या डब्यांत तयार मिळतात. अमेरिकेचे करडे मुळात निळ्या-जांभळ्या झाकेचे होते. युद्धाच्या शेवटी त्या झाकेच्या रंगद्रव्याची टंचाई झाली तेव्हा तेही साध्या करड्यावर आले.

आता आपला डीए ग्रे. ब्रिटिश मानकाच्या रंगपत्रिकेत त्याचा नंबर ६३२, आणि भारतीय मानकानेही तो त्याच नंबराने ठेवला. ब्रिटिश पत्रिकेत ६९७ म्हणजे लाइट ॲडमिरल्टी ग्रे. ही नावं नौदलाकडून आली खरी, पण एकदा सरकारी पत्रिकेत शिरल्यावर त्यांचा समुद्राशी संबंध उरला नाही. तेलाचे आणि ग्रीसचे डाग ज्यावर दिसत नाहीत असा गडद रंग कारखान्यांना हवाच होता. तो पंप, पॅनल आणि लेथवर जाऊन बसला, आणि नावातलं 'ॲडमिरल्टी' मात्र तसंच राहिलं. म्हणून दुकानातला डबा हातात घेऊन 'हा नौदलाचा रंग' म्हणणं म्हणजे नुसत्या नावावरून फसणं आहे. भारतीय नौदलाच्या जहाजांचा आजचा करडा तर बराच फिकट, किंचित निळसर. डीए ग्रे त्याच्या शेजारी ठेवला तर शिसं आणि राख शेजारी ठेवल्यासारखं दिसतं. शिवाय हा डबा येतो चकचकीत, आणि युद्धनौकेवर चकाकी चालत नाही.

मराठीतही हा गुंता आहेच. करडा, राखाडी, राखी, धुरकट हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. मी स्वतःपुरतं ठरवून घेतलं आहे. ज्यात निळी झाक आहे तो करडा, ज्यात पिवळी-तपकिरी झाक आहे तो राखाडी. सगळ्यांनी मानावं असा माझा आग्रह नाही, पण दोघं मिळून एक जहाज रंगवत असतील तर हे आधी बोलून घ्यावं. नाहीतर पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं जुळत नाही.

प्लास्टिकचे किट खानदेशात पोचले ते फार उशिरा. अशा किटांचं एक मोठं केंद्र म्हणजे जपानचं शिझुओका शहर, आणि तिथेही सुरुवात लाकडानेच झाली. एक लाकडाची वखार होती, ती दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी मॉडेलं करू लागली आणि १९६० साली तिने पहिला प्लास्टिक किट काढला, १:८०० मापाचा 'यामातो'. १९७१ साली त्याच भागातल्या चार कंपन्यांनी एकत्र येऊन १:७०० हे माप धरलं, जहाजं आपसांत वाटून घेतली आणि पाण्याच्या रेषेपर्यंतचीच मॉडेलं काढायला सुरुवात केली. त्यातली एक १९९२ साली बाहेर पडली, पण माप टिकलं. त्याच १९७१च्या डिसेंबरात 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात लढत होती आणि ९ तारखेला 'खुकरी' दीवच्या समुद्रात बुडाली. ७०० फुटांची ती जुनी विक्रांत १:७०० मापात बरोबर एक फूट भरते. शाळेची पट्टी शेजारी ठेवली की झालं. नवी, २६२ मीटरची विक्रांत साडेसदतीस सेंटिमीटर होते, आणि खुकरी जेमतेम साडेतेरा.

भारतीय जहाजांचे किट मोजकेच. म्हणून आमच्याकडे बरंचसं काम हाताने होतं. सांगाडा सनबोर्डचा किंवा पीव्हीसीच्या पट्ट्यांचा. पाइप आणि ठिबकच्या नळ्यांच्या गावात पीव्हीसीला तोटा नाही. कठड्यासाठी मी पितळेची तार सराफ्यातल्या एका ओळखीच्या कारागिराकडून ओढून घेतो. तो जंत्रीच्या, म्हणजे लहान लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीच्या, एकेका भोकातून तार काढत जातो, दर वेळी तारेला मेण लावतो, मधेच तापवून मऊ करतो. शेवटच्या भोकातून आलेली तार बोटांत धरली तर जाणवत नाही, उजेडात धरली तर नुसती रेघ दिसते. तरी ती जाडच. १:७००मध्ये खलाशी अडीच मिलिमीटरचा होतो, त्याच्या कमरेइतका कठडा दीड मिलिमीटरचाही भरत नाही, आणि त्याची तार किती बारीक हवी याचा हिशोब करण्यात अर्थ नाही. रंगाचंही तसंच. ब्रशने मारलेला थर दशांश मिलिमीटरचा धरला तरी खऱ्या जहाजावर तो सात सेंटिमीटरचा होईल. दारं, शिड्या, खिडक्या सगळं त्याखाली गाडलं जातं.

माझी पहिली बोट अशीच गेली. ब्रशचे फराटे नकोत म्हणून डीए ग्रे एन.सी. थिनरमध्ये पातळ करून एका गॅरेजमधून स्प्रे मारून घेतला. दहा मिनिटांत डेकचं प्लास्टिक सुरकुतलं, तोफांच्या नळ्या मऊ होऊन वाकल्या. ते थिनर पत्र्यासाठी होतं, किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, ते विरघळवतं. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं म्हणून इथे लिहून ठेवतो. आता पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक मिळतात, पण मे महिन्यात पारा ४४-४५वर गेला की तो रंग एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारायच्या पेनाच्या, टोकावरच वाळतो. सूर्य वर यायच्या आत काम संपवावं, नाहीतर पावसाळ्याची वाट बघावी.

आणि आता तो वाद, ज्याने दोन मॉडेलकारांची मैत्री तुटते. नौदलाच्या रंगपट्टीशी तंतोतंत जुळणारा रंग लावायचा, की त्यात पांढरा मिसळून तो फिकट करायचा? फिकट करणाऱ्यांचा हिशोब असा, की १:७००चं मॉडेल आपण दीड फुटावरून बघतो, म्हणजे खरं जहाज हजार फुटांवरून बघतो. मधल्या हवेने रंग उतरतो. पट्टीवाले म्हणतात, हजार फुटांत हवा रंगाला काही करत नाही, आणि तुम्ही पांढरा मिसळता तो तुमच्या नजरेने, त्याला पुरावा काय?

हवेबद्दल पट्टीवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. पण मला त्यांचं मॉडेल नेहमी काळवंडलेलं दिसतं. यावलला उभं राहून सातपुडा बघा, झाडं हिरवी आणि दगड तांबूस दिसतात. तोच सातपुडा जळगावच्या बाजूने, तापीच्या अलीकडून बघा, नुसती निळसर करडी भिंत उभी असते. दूर म्हणजे फिकट हे आपल्या डोळ्याने लहानपणापासून शिकून ठेवलेलं असतं. एक फुटाच्या जहाजावर गडद रंग दिसला की डोळा ते जहाज लहान आणि जवळ आहे असं ठरवतो, आणि विक्रांत विक्रांत राहत नाही. म्हणून मी मुख्य रंगात दहा भागाला एक ते दीड भाग पांढरा घालतो. तोफांवर आणि रडारवर आणखी थोडा, कारण लहान पृष्ठभाग जात्याच गडद वाटतो. घातलेलं प्रमाण डबीवर लिहून ठेवतो, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येतं.

रंग जुळला तरी तारीख जुळावी लागते, आणि ती सांगतो ध्वज. १९५० ते २००१ लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा. २००१ ते २००४ क्रॉसशिवाय. २००४ला क्रॉस परत आला, मधोमध अशोकस्तंभ घेऊन, आणि २०१४ला खाली 'सत्यमेव जयते' आलं. २ सप्टेंबर २०२२ला कोचीमध्ये नवी विक्रांत दाखल झाली त्याच समारंभात शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचा ध्वज आला. १९६१ ते १९९७ या काळात सेवेत असलेल्या जुन्या विक्रांतवर पहिलाच ध्वज हवा, आणि नवीवर शेवटचाच. १:७००मध्ये तो चार-पाच मिलिमीटरचा होतो. मी तो सिगारेटच्या पाकिटातल्या पातळ कागदावर रंगवतो, पेन्सिलीवर गुंडाळून त्याला फडकण्याचा बाक देतो, आणि सगळ्यात शेवटी लावतो.