फ्रेडी मर्क्युरीच्या गळ्यातील तीनास एक

दोन रॉक गायकांची तुलना सुरू झाली की थोड्याच वेळात ती सप्तकांच्या मोजणीवर येऊन ठेपते. या मोजणीत क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१) याच्या नावावर चार सप्तके हमखास जमा केली जातात, आणि त्यासाठी एक कारणही दिले जाते: त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्त होते, त्यामुळे तोंडात जागा जास्त आणि म्हणून आवाजाची झेप मोठी. २०१८ साली त्याच्या जीवनावर आलेल्या चित्रपटात हेच कारण त्याच्या तोंडी आहे, तेव्हापासून तर ते शास्त्रीय सत्यासारखे पुढे पाठवले जाते. ते सत्य नाही. स्वर किती वर चढेल आणि किती खाली उतरेल हे स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंची लांबी, जाडी आणि ताण यांवर अवलंबून असते. दात, जीभ, ओठ आणि टाळू यांनी घडणारी पोकळी स्वराचा पोत बदलते, त्याची उंची नव्हे.

ऑस्ट्रियन ध्वनिसंशोधक क्रिस्टियन हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्क्युरीच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध केले. मुलाखतींमधील त्याच्या बोलण्याची सरासरी वारंवारता ११७ हर्ट्झ (सेकंदाला ११७ कंपने) भरली, म्हणजे बोलण्यात तो कोणत्याही प्रौढ पुरुषासारखा, किंचित खर्जाकडे झुकणारा होता. गाण्यांमध्ये आढळलेला विस्तार सुमारे ९२ ते ७८४ हर्ट्झ, अर्थात तीन सप्तके आणि वर एक अर्धस्वर, एवढा होता. चार सप्तकांना पुष्टी मिळाली नाही. तीन सप्तकांचा विस्तार उत्तमच आहे, परंतु तो अनेक तयार गळ्यांत सापडतो. एकच ओळ ऐकून हा मर्क्युरीच आहे हे आपण ज्यावरून ओळखतो, ती गोष्ट विस्तारात नाही. माझ्या मते ती मुख्यतः त्याच्या आवाजातील खरखरीत आहे, आणि ही खरखर कशी निर्माण होते ते समजून घेण्यासारखे आहे.

स्वरतंतूंच्या थोडे वर, दोन्ही बाजूंना आणखी दोन मऊ घड्या असतात. त्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात. बोलताना आणि बहुतेक गायनात त्या बाजूला स्वस्थ असतात. समजा, गायकाने ३९० हर्ट्झचा स्वर लावला आहे. त्याचे खरे स्वरतंतू सेकंदाला ३९० वेळा उघडतात आणि मिटतात, प्रत्येक वेळी हवेचा एक झोत वर जातो, आणि सर्व झोत जवळजवळ सारखे असल्यामुळे आवाजात ३९०, ७८०, ११७० अशा पटींतील घटक मिळून स्वच्छ स्वर ऐकू येतो. आता गायकाने स्वरयंत्राचा वरचा भाग आवळला, तर मिथ्या स्वरतंतू जवळ येतात आणि याच हवेने तेही कंप पावू लागतात. ते जाड आणि सैल असल्यामुळे खऱ्या स्वरतंतूंच्या वेगाने हलू शकत नाहीत. तरीही दोन्ही जोड्यांमधून एकच हवा वाहते, त्यामुळे त्या एकमेकींना सतत ओढत असतात आणि ठरावीक पूर्णांकी प्रमाणात जुळून जातात. मोठ्या माणसाचे बोट धरून चालणारे मूल त्याच्या एका पावलात आपली तीन पावले बसवते, तसेच येथे खऱ्या स्वरतंतूंच्या तीन कंपनांत मिथ्या स्वरतंतूंचे एक कंपन बसते.

या जुळणीचा परिणाम असा होतो की दर तिसऱ्या झोताला वरची वाट अरुंद मिळते. तिन्ही झोत आता सारखे राहत नाहीत, लहरीची पुनरावृत्ती तीन कंपनांनंतर होते, आणि ध्वनीत ३९० च्या एक तृतीयांश, म्हणजे १३० हर्ट्झचा घटक प्रकट होतो. त्याच्या पाठोपाठ २६०, ५२०, ६५० हेही येतात. गायलेला स्वर मध्य सप्तकातील पंचम धरला, तर हा नवा घटक मंद्र सप्तकातील षड्ज ठरतो. मूळ स्वर जागेवरच राहतो, पण त्याच्याखाली एक खडबडीत पाया घातला जातो. जुळणी मोडली तर झोत अनियमित होतात आणि उरतो तो निव्वळ बसलेला घसा. मर्क्युरीची खरखर कर्कश न वाटता सुरेल वाटते, याचे कारण तिच्यातील ही नियमितता आहे.

गाताना मर्क्युरीच्या स्वरयंत्रात काय घडत होते याचे चित्रण झालेले नव्हते, म्हणून संशोधकांनी डॅनियल झँगर बोर्श या स्वीडिश रॉक गायकाला त्याची नक्कल करायला लावली आणि सेकंदाला ४१३२ चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्याच्या स्वरयंत्राचे चित्रण केले. तीनास एक हे प्रमाण त्या चित्रणात दिसले; मर्क्युरीच्या बाबतीत ते अर्थातच अनुमान आहे, पण ध्वनीच्या पुराव्याशी जुळणारे अनुमान आहे. हेच मिथ्या स्वरतंतू रशियातील तुवा प्रांतातील कंठगायक वापरतात, फक्त तेथे प्रमाण दोनास एक असते. तिबेटी भिक्षूंच्या अतिखर्ज मंत्रपठणातही याच प्रकारचे कंपन होते. त्या आवाजाला सिद्धी किंवा दैवी ऊर्जा म्हणून विकणारे लोक भिक्षूंच्या अनेक वर्षांच्या साधनेवरच अन्याय करतात.

दुसरी खूण स्वराच्या कंपाची, म्हणजे व्हायब्रॅटोची. पाश्चात्त्य शास्त्रीय गायकांचा स्वर सेकंदाला साधारण पाच ते सहा वेळा हेलकावतो. मर्क्युरीची सरासरी ७ निघाली, शिवाय तिच्यात अनियमितता होती. माँसेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर त्याने गायलेले ‘बार्सिलोना’ (१९८७) ऐकताना हा फरक कानाला सहज कळतो: तिचा कंप रुंद आणि समान, तर त्याचा चपळ आणि अस्वस्थ.

एवढे मोजल्यावरही शैली पूर्ण हाती आली असे मी म्हणणार नाही, कारण मिथ्या स्वरतंतू प्रत्येकाच्या गळ्यात असतात आणि खरखर इतरही अनेक रॉक गायकांनी वापरली आहे. प्रश्न ती कोठे वापरली याचा असतो. पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला आणि तेथेच हेक्टिक्स या शालेय बँडमध्ये वाजवलेला हा पारशी मुलगा पुढे स्वतः गीते रचू लागला, त्यामुळे कोणत्या शब्दावर आवाज स्वच्छ ठेवायचा आणि कोणत्या शब्दावर गळा आवळायचा हे रचनेतच ठरवण्याची मुभा त्याला होती. ‘वुई आर द चॅम्पियन्स’ (१९७७) मध्ये सुरुवातीच्या ओळी तो जवळजवळ बोलल्यासारख्या मृदू गातो आणि खरखर धृवपदातील चढत्या स्वरांसाठी राखून ठेवतो.