तणनाशकाचा बियाणे आणि रोपांवरील परिणाम

पिकावर फवारलेल्या, वाऱ्याने उडून आलेल्या किंवा जमिनीत शिल्लक राहिलेल्या तणनाशकामुळे बी आणि कोवळ्या रोपात होणारा बिघाड. नाशिक जिल्ह्यात मका, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षबागा बांधाला बांध लागून असतात. त्यामुळे एका पिकाचे औषध सहज दुसऱ्याच्या मुळावर येते.

ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून आत शिरते आणि अन्नरसाबरोबर झाडभर फिरते. दाणा भरताना या रसाचा ओघ दाण्याकडे असतो. नेमका तेव्हा फवारा बसला, तर औषधही बियात उतरते. असे बी दिसायला भरदार असते, त्याला मोडही येतो. पण मूळ आखूड राहते, केशमुळे धड फुटत नाहीत आणि रोप पिवळे पडते. कांदा बियाण्याची किमान उगवण ७० टक्के लागते. प्रयोगशाळेत १२ दिवसांनी फक्त सुदृढ रोपे मोजतात. घरी ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून नुसते मोड मोजले, तर हा दोष हाती लागत नाही. म्हणून मोड मोजण्यावर थांबू नये, मुळे पाहावीत.

पेंडीमिथॅलीन पेशींचे विभाजन रोखते. कांद्याच्या गादीवाफ्यावर ते प्रमाणाबाहेर पडले, की मुळाचे टोक गदेसारखे फुगते.

सर्वांत फसवे नुकसान ॲट्राझीनचे. खरिपाच्या मक्याला ते मारतात आणि त्याच रानात पुढे कांदा येतो. विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट) काळ्या जमिनीत, त्यातही पाऊस कमी झाला तर, ते जास्त काळ टिकते. उळे (कांद्याचे बी) नीट उगवते, कारण सुरुवातीला ते बियातल्या साठ्यावर जगते. साठा संपला की पानाला स्वतः अन्न तयार करावे लागते आणि ॲट्राझीन नेमके तेच बंद पाडते. पात शेंड्याकडून पिवळी पडत वाळते. करपा हा बुरशीचा रोग समजून बुरशीनाशक फवारले जाते; त्यात पैसा जातो आणि हंगामही.

२,४-डी हवेतून आले तर टोमॅटोची व द्राक्षाची कोवळी पाने अरुंद होऊन मुरडतात.

शंका असलेल्या रानाची परीक्षा सोपी आहे. त्या रानातली माती एका कुंडीत, कधीच औषध न पडलेली माती दुसरीत भरावी. दोन्हींत एकाच पिशवीतले उळे टाकून तीन आठवडे सारखेच पाणी द्यावे. मग दोन्हीकडची रोपे उपटून, मुळे धुऊन शेजारी शेजारी ठेवावीत.