नाशिक कट

नाशिकचे जिल्हाधिकारी आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन यांची २१ डिसेंबर १९०९ रोजी रात्री विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घालून करण्यात आलेली हत्या, तिच्यामागचा गुप्त मंडळीचा बेत आणि त्यावरून १९१०-११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात चाललेले खटले, हे सर्व मिळून ‘नाशिक कट’ या नावाने ओळखले जाते.

नाशिकमध्ये १८९९-१९०० च्या सुमारास सावरकर बंधू व त्यांच्या सोबत्यांनी ‘मित्रमेळा’ काढला. गणेशोत्सव, शिवजयंती, पोवाडे आणि व्याख्याने हा त्याचा उघड भाग होता. १९०४ मध्ये त्याचे ‘अभिनव भारत’ या गुप्त क्रांतिकारी संघटनेत रूपांतर झाले. कवी गोविंदांची पदे छापल्याबद्दल गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांना ८ जून १९०९ रोजी (काही नोंदींत ९ जून) जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांच्या पुस्तिकेवरून राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा गुन्हा लावला गेला, हे त्या काळालाही जड वाटणारे होते. खटला जॅक्सन यांच्याच जिल्ह्यात उभा राहिल्याने रोषाचा रोख त्यांच्याकडे वळला. बाबारावांच्या शिक्षेचा सूड हे कारण बहुतेक सर्व चरित्रांत पुढे येते. काही लेखक त्याला स्थानिक वकिलांचा छळ आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना मिळणारी सूट यांचीही जोड देतात.

सर्वांत वादाचा विषय ठरला तो शस्त्रांचा. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली. ती ‘इंडिया हाउस’ या लंडनमधील भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील आचारी चतुर्भुज अमीन याने ट्रंकेच्या दुहेरी तळात दडवून मार्च १९०९ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत उतरविली. पुढे चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला. जॅक्सन यांच्यावर चाललेले पिस्तूल याच वीसांपैकी होते, असे सरकार पक्षाचे म्हणणे. क्रांतिकारी चळवळींची चौकशी करणाऱ्या सरकारी रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालानेही तेच धरले आणि नंतरचे बहुतेक लेखक त्याच अहवालावर विसंबले. त्यातून लंडनहून आज्ञा आणि नाशिकात अंमल असे सरळ चित्र तयार झाले. तारखा मात्र इतक्या सरळ जुळत नाहीत. पिस्तुले मुंबईत आली तेव्हा बाबारावांना शिक्षा व्हायला तीन महिने होते. ती जॅक्सन यांच्यासाठी म्हणून पाठविली गेली, असे त्यामुळे म्हणता येत नाही. शस्त्रे आधी आली आणि लक्ष्य पुढे नाशिकातच ठरले, हे मत अधिक ग्राह्य दिसते. १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला मारले, त्या बातमीचा नाशिकच्या तरुणांवर झालेला परिणामही येथे हिशेबात घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष कृत्य करणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे (जन्म १८९१ किंवा १८९२) मूळचा रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील. शिक्षणासाठी तो निजामाच्या मुलखात औरंगाबादला होता. नाशिकच्या बाजूने सूत्रे कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि पंचवटीतील शिक्षक विनायक नारायण देशपांडे यांच्या हाती होती. जॅक्सन यांची मुंबईला बढतीवर बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपासाठी किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठेवला होता; बालगंधर्व शारदेच्या भूमिकेत होते, असे सांगतात. जॅक्सन आत आले तेव्हा कान्हेरेने जवळून गोळ्या झाडल्या. त्याचा नेम चुकला तर देशपांडे आणि कर्वे यांनी पुढे व्हायचे, अशी वाटणी होती. ती वेळ आली नाही. कान्हेरे जागीच पकडला गेला.

हत्येचा खटला १९०८ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीप्रमाणे तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे, ज्यूरीविना चालला. २९ मार्च १९१० रोजी निकाल लागला आणि कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. मोठ्या कट-खटल्यात ३८ आरोपी होते. रौलट अहवालानुसार त्यांपैकी २७ दोषी ठरले. विनायक सावरकरांना डिसेंबर १९१० मध्ये पहिली जन्मठेप झाली. हत्येस साहाय्य केल्याच्या वेगळ्या खटल्यात ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. वर दिलेली पिस्तुलांची साखळी याच दुसऱ्या खटल्याचा आधार होती, म्हणून तिच्याबद्दलची चर्चा केवळ तपशिलाची राहत नाही. अटकेनंतर लंडनहून भारतात आणले जात असता सावरकरांनी फ्रान्समधील मार्सेय बंदरात केलेल्या पलायनावरून फ्रान्स-ब्रिटन वाद हेगच्या लवादापर्यंत गेला व २४ फेब्रुवारी १९११ रोजी ब्रिटनच्या बाजूने सुटला.

जॅक्सन हे संस्कृत जाणणारे अभ्यासक होते. मुंबई गॅझेटियरच्या पहिल्या खंडातील गुजरातच्या इतिहासात त्यांचे लेखन आहे. राजस्थानातील भिन्नमाळ या प्राचीन नगरावरील परिशिष्ट त्यांचेच. त्यांनी जमविलेल्या लोकसमजुतींच्या साधनांवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी गुजरात (१९१४) आणि कोकण (१९१५) असे दोन भाग प्रसिद्ध केले. यावरून त्यांना लोकाभिमुख अधिकारी ठरविणारा एक पक्ष आहे, तर ही गोडी राज्यकारभाराची हत्यारे धारदार करण्यापुरतीच होती असे मानणारा दुसरा. विद्वत्तेच्या पुराव्यावरून कारभाराचा निवाडा होत नाही, एवढे दोन्ही पक्षांना लागू आहे.

नाशिकमधील पूर्वीच्या गोल्फ क्लब मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे रणजी करंडकाचे सामने होतात.