रक्तनमुना संकलन, हिमोफिलियाग्रस्त बालकांतील

हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या किंवा तसा संशय असलेल्या बालकाच्या रक्तातील गोठणघटक मोजण्यासाठी रक्त घेण्याच्या पद्धती आणि त्यांमुळे मोजमापात येणारे दोष. ‘अ’ प्रकारात घटक ८ आणि ‘ब’ प्रकारात घटक ९ कमी असतो. पातळी सामान्याच्या १ टक्क्याहून कमी असल्यास आजार तीव्र, १ ते ५ टक्के असल्यास मध्यम आणि त्यावर ४० टक्क्यांपर्यंत सौम्य मानतात. खालच्या टोकाला या सीमा इतक्या जवळजवळ आहेत, की सुई नीट न लागल्याने झालेली चूकही बालकाला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात टाकू शकते, आणि पुढची सारी उपचारयोजना त्या वर्गावरच बेतली जाते.

नमुना ३.२ टक्के सोडियम सायट्रेट (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारे द्रव्य) असलेल्या नळीत, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट या प्रमाणात घेतात. काही प्रयोगशाळांत पूर्वी ३.८ टक्के द्रावण वापरीत. लहान मुलांत हे प्रमाण हमखास बिघडते. २.७ मिलि. रक्ताच्या नळीत शीर मध्येच बसल्याने १.८ मिलि.च रक्त आले, तर प्रमाण सहास एक होते. जादा सायट्रेट चाचणीत घातलेले कॅल्शियमही बांधून ठेवतो आणि एपीटीटीचा (घटक ८ व ९ची उणीव दाखवणाऱ्या गोठणचाचणीचा) काळ खऱ्याहून लांबतो. दोन अर्धवट नळ्या एकत्र करणेही चूकच, कारण दोन्हींतला सायट्रेट एकत्र येतो. अशा वेळी मुळातच १ मिलि.ची बालनळी घेणे इष्ट. नवजात अर्भकात तांबड्या पेशींचे प्रमाण ५५ टक्क्यांहून अधिक असल्यास रक्तद्रव कमी पडतो, म्हणून नळीतील सायट्रेट आधीच कमी करावा लागतो.

पहिले रक्त टाकून द्यावे की नाही, हा जुना वाद आहे. सुई त्वचेतून आणि खालच्या ऊतकांतून शिरेत जाते. वाटेत तिला लागलेला ऊतकद्रव गोठण्याची क्रिया सुरू करतो, म्हणून पहिल्या सिरिंजमधील रक्त टाकून दुसरीतील वापरावे, असा दंडक काचेच्या सिरिंजच्या काळापासून चालत आला असावा. ली आणि व्हाइट यांच्या पद्धतीत (१९१३) रक्त गोठण्याचा काळ साध्या काचनळीत मोजीत आणि ऊतकद्रवाचा अंशही तो काळ घटवी, हे पाहता दंडकाचे मूळ अशाच चाचण्यांत शोधणे सयुक्तिक वाटते. पुढे पहिल्या आणि दुसऱ्या नळीतील रक्ताची तुलना झाली, तेव्हा पीटी (प्रोथ्रोम्बिन काळ) व एपीटीटी या नेहमीच्या गोठणचाचण्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. घटकमापनाबाबतचा पुरावा त्या मानाने तोकडा असल्याने तेथे सावधगिरी सोडू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शीर सापडेपर्यंत सुई आत फिरवावी लागली असेल, तर नमुना संशयास्पदच मानावा. दूषित नमुन्यात घटक खऱ्याहून जास्त भासू शकतो आणि गोठण पुढे सरकले तर खर्ची पडून कमीही दिसतो. नळी हलकेच तिरकी केल्यावर तळाशी केसाएवढी गुठळी दिसली, तर तो नमुना तपासूच नये. पंखाच्या (पकडायला दोन पाती असलेल्या) सुईला जोडलेल्या लवचिक नळीत हवा असते. ती पहिल्या नळीत शिरून रक्त कमी भरते, म्हणून या सुईने रक्त घेताना एक नळी टाकून देण्याची रीत मात्र वेगळ्या कारणाने टिकून आहे.

त्वचेखाली बसवलेल्या पोर्टमधून (मोठ्या शिरेशी नळीने जोडलेल्या कुपीतून) रक्त घेतल्यास टोचणी टळते, पण त्यात साठवलेले हेपॅरिन हे गोठणरोधक औषध नमुन्यात उतरते. त्यासाठी मार्ग ५ मिलि. लवणद्रावणाने धुऊन पहिले ५ मिलि. किंवा मार्गाच्या पोकळीच्या सहापट रक्त टाकून देतात. दहा किलो वजनाच्या बालकात एकूण रक्त सु. ७५० मिलि. असते, त्यामुळे वारंवार असे ५ मिलि. टाकणे क्षुल्लक नाही. त्याच पोर्टमधून घटक टोचलेला असल्यास उरलेल्या अंशाने पातळी फुगते. निदान, प्रतिरोधक द्रव्यांची (टोचलेला घटक निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी आणि उपचारानंतरची पातळी यांसाठी घटक न टोचलेल्या हाताच्या शिरेतील ताजे रक्तच अधिक विश्वसनीय ठरते. टोचलेला घटक किती वेगाने घटतो हे पाहणाऱ्या मालिकामापनासाठी पूर्वी दहाच्या आसपास नमुने लागत. आता अनेक रुग्णांच्या मोजमापांवर बेतलेल्या (लोकसंख्या-आधारित) गणिती प्रतिमानांमुळे दोन-तीन नमुने पुरतात. मुलांच्या दृष्टीने ही मोठीच सुटका आहे.

टाचेला टोचून मिळणाऱ्या रक्तात ऊतकद्रव मिसळत असल्याने ते घटकमापनास अयोग्य. कुटुंबात आजार असल्यास जन्मतःच नाळेतील रक्त घेतात. घटक ८ जन्मतःच प्रौढांइतका असतो. घटक ९ मात्र नवजातांत कमी असतो, म्हणून सौम्य ‘ब’ प्रकाराची खात्री सहा महिन्यांनंतर फेरतपासणीनेच होते. रडणे, ताण व ताप यांनी घटक ८ वाढतो. किंचाळणाऱ्या बालकाच्या नमुन्यात सौम्य ‘अ’ प्रकार झाकला जाऊ शकतो. त्यामुळे बालकाला शांत करणे हा सौजन्याचाच नव्हे, मापनाचाही भाग आहे.

नमुना बर्फात न ठेवता सामान्य तापमानात, शक्यतो चार तासांत प्रयोगशाळेत पोचवतात. एमिसिझुमॅब (घटक ८चे काम करणारे औषध) घेणाऱ्या बालकांत एपीटीटीवर आधारित मापन भ्रामक ठरते. त्यांच्यात घटक ८ मोजण्यासाठी गोजन्य (गाई-बैलांच्या रक्तातील) अभिकारकांची, रंगाच्या तीव्रतेवरून मोजणारी वर्णमापन पद्धत वापरतात. टोचण्यासाठी २३ किंवा २५ क्रमांकाची बारीक सुई घेतात, रोहिणी आणि जांघेतील खोल शिरा टाळतात आणि नंतर ती जागा तीन ते पाच मिनिटे न चोळता दाबून धरतात.